वही कुणाच्या कपाटात?

अंधेरीच्या सीप्झमध्ये, दागिन्यांच्या आणि संगणकाच्या कंपन्यांच्या मधोमध, छप्पर नसलेलं एक चर्च उभं आहे. संत जॉन बाप्टिस्टचं. जेझुइटांनी ते 1579 मध्ये बांधलं. 1840 च्या साथीत गाव उठलं, लोक मरोळला सरकले, मूर्ती आणि सामान नव्या चर्चमध्ये नेलं आणि जुन्या भिंतींवर झाडं चढली. 1973 मध्ये भोवती निर्यात क्षेत्राचं कुंपण पडलं. आता आत जायला परवानगी लागते. वर्षातून एकदा, मे महिन्यात, त्या उघड्या भिंतींमध्ये मिस्सा होते.

चर्च असं ओस पडलं तरी दिसत राहतं. पॅरिशचा दुसरा अर्धा भाग कपाटात असतो: बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि मृत्यूच्या नोंदवह्या. साष्टीतल्या, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरांतल्या, जुन्या पॅरिशांमधल्या या वह्या कधी पोर्तुगीजमध्ये, कधी लॅटिनमध्ये, अलीकडे इंग्रजीत लिहिलेल्या. त्यांचे फोटो काढून ते सगळ्यांना पाहायला खुले करावेत का, यावर दोन माणसं बरेच दिवस माझ्यासमोर भांडत आहेत. एक, अंधेरी पूर्वेच्या एका गावठाणातले ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळ कॅथलिक समाजातले, काका. नोकरी महसूल खात्याच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. निवृत्तीनंतर पॅरिशच्या ऑफिसात बसून लोकांना जुने उतारे शोधून देतात. दुसऱ्या, बोरिवलीकडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या बाई, ज्यांचा अभ्यास आयर्लंडच्या खेड्यांतल्या नोंदींवर झाला आहे. काका त्यांना ‘बाय’ म्हणतात, गावठाणात लेकीला म्हणतात तसं. त्या काकांना अहोजाहो करतात, पण मुद्द्याला सोडत नाहीत. मी मध्ये बसतो आणि चहाचे पैसे देतो.

बाई : काका, 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदी तुमच्या मरोळवरूनच वाहते. त्या रात्री तुमच्या वह्या कुठे होत्या?

काका : वरच्या खणात.

बाई : आणि खालच्या खणात असत्या तर?

काका : तर गेल्या असत्या. पण नव्हत्या ना.

बाई : म्हणजे शंभर-दीडशे वर्षांची माणसं खण कुठला यावर वाचली. आयर्लंडमध्ये एका दिवसात काय झालं ते ऐका. 30 जून 1922. यादवी युद्ध सुरू होतं, डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये बंडखोर बसले होते, बाहेरून तोफा चालत होत्या. त्याच आवारात पब्लिक रेकॉर्ड ऑफिस. स्फोट झाला, आग लागली, शतकांचे कागद जळाले. जळके तुकडे शहरभर उडत होते. 1821 पासून 1851 पर्यंतच्या चार जनगणनांच्या घरोघरच्या याद्या जवळजवळ सगळ्या त्यात गेल्या.

काका : आणि त्याच्या पुढच्या?

बाई : 1861 आणि 1871 च्या सरकारनंच नष्ट केल्या, आकडेवारी काढून झाली म्हणून. 1881 आणि 1891 च्या पहिल्या महायुद्धात लगद्याला दिल्या, कागद कमी पडत होता म्हणून. देशभरची पूर्ण उरलेली सगळ्यात जुनी जनगणना 1901 ची.

काका : मग तिथला माणूस पणजोबा कुठे शोधतो?

बाई : पॅरिशच्या वहीत. कॅथलिक वह्या सरकारी दप्तर नव्हत्या. त्या डब्लिनला गेल्याच नाहीत, पाद्र्याच्या घरी पडून राहिल्या.

काका : बघ! मी दुसरं काय सांगतो? प्रॉटेस्टंटांच्या वह्यांचं काय झालं?

बाई : त्या कायद्यानं डब्लिनला पाठवायच्या होत्या. ज्यांनी पाठवल्या त्यांच्या जळाल्या, निम्म्याहून जास्त. ज्या गावांनी ‘आमच्याकडे सोय आहे’ म्हणून ठेवून घेतल्या त्यांच्या वाचल्या.

काका : आता मला सांग, हे ऐकल्यावर मी माझी वही कुणाच्या हातात का देऊ?

इथं काका जिंकले असं मला वाटलं. त्यांनीही तसा चेहरा करून बिस्किट बुडवलं. पण वह्या वाचल्या ती अर्धीच गोष्ट, हे बाईंना माहीत होतं.

बाई : कारण पुढं काय झालं ते तुम्ही ऐकलं नाहीत. 1950 नंतर तिथल्या नॅशनल लायब्ररीची माणसं पॅरिशापॅरिशांत गेली. वही पाद्र्याकडेच राहिली. फक्त मायक्रोफिल्म निघाली. 2015 च्या जुलैत त्या फिल्मा इंटरनेटवर फुकट खुल्या केल्या. हजारावर पॅरिशं, बहुतेक 1880 च्या आसपासपर्यंतच्या नोंदी. आज बोस्टनमध्ये बसलेला माणूस रात्री जेवणानंतर पणजोबाचा बाप्तिस्मा पाहतो. वही हलली नाही आणि मेलीही नाही. मला एवढंच हवंय.

काका : बोस्टनच्या माणसाला पणजोबा कशासाठी हवा असतो?

बाई : कशासाठी म्हणजे? आपला म्हणून.

काका : भिंतीवर लावायला. बाय, मी इतकी वर्षं रेकॉर्ड रूममध्ये बसलो. आजोबांच्या प्रेमानं आत आलेला एक माणूस मला आठवत नाही. येतो तो हिश्श्यासाठी. फेरफार काढा, सातबारा काढा, प्रॉपर्टी कार्डावर कोणाची नावं राहिली ते बघा. आयर्लंडचे जमीनदार गेले, शेतं कुळांच्या नावावर झाली, प्रकरण मिटलं. इथं गावठाणातल्या चार खोल्यांच्या घराला आज काय भाव आहे ते तुला माहीत आहे. त्या घराचे अठरा वारस. पाच कॅनडात, दोन ऑस्ट्रेलियात, एकाचं नाव कुणाला आठवत नाही. ते न आठवणारं नाव माझ्या वहीत आहे. उद्या तू ते जगाला दाखवलंस की पहिला बघणार कोण? तुझा विद्यार्थी?

बाई : आणि आज कोण बघतो?

काका : अर्ज करील तो. नातं सांगील तो. मी त्याला ओळखतो की नाही ते बघून मी उतारा काढतो.

बाई : म्हणजे तुमच्या ओळखीतला. काका, रागावू नका. पण बिल्डरचा माणूस तुमच्या कपाटासाठी थांबलेला नाही. त्याच्याकडे वकील आहे, सर्च घेणारा आहे, जुन्या घरात जाऊन म्हातारीला पेढे देणारा माणूस आहे. कपाट बंद असलं तरी त्याला वाट सापडते. सापडत नाही ती नालासोपाऱ्याला भाड्यानं राहणाऱ्या मुलीला, जिची आजी लग्न होऊन गावाबाहेर गेली आणि जिचं नाव भावांनी कार्डावर कधी लागूच दिलं नाही. तिला अर्ज कुठं करायचा तेही माहीत नाही. बंद वही कुणाचं रक्षण करते, सांगा.

काका : (जरा वेळानं) त्या मुलीला मी उतारा दिला असता.

बाई : ती आली असती तर.

या ठिकाणी मी बाईंच्या बाजूला झुकलो हे सांगून टाकतो. पण काकांच्या भीतीला मी खुळी म्हणणार नाही. महाराष्ट्रात जुनी नोंद ही आता नुसती आठवण राहिलेली नाही. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तहसील कचेऱ्यांतली धूळ खात पडलेली कोतवाल बुकं एका रात्रीत सोन्याची झाली. गावातले जन्ममृत्यू जिथं कोतवालाच्या माहितीवरून मोडीत खरडले होते, त्या पानांवर घरंच्या घरं आपलं भवितव्य शोधू लागली. मोडी वाचणाऱ्याला भाव आला. ओबीसीच्या दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो; विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950. ज्याच्या घरात कागद नाही त्याच्यासाठी या तारखा म्हणजे भिंती. पाद्र्यानं शाईच्या टाकानं लिहिलेली ओळ त्या भिंतीत खिडकी पाडू शकते. खिडकी पडली की चोरही आत येऊ शकतो, हे काकांचं म्हणणं.

बाईंनी विषय बदलला. किंवा आम्हाला तसं वाटलं.

बाई : तुम्ही वही म्हणता तेव्हा ती काहीतरी पवित्र वस्तू असल्यासारखं म्हणता. साष्टीत याद्या कोणी कमी केल्यात का? 1534 मध्ये गुजरातच्या बहादुरशहानं वसईबरोबर साष्टी पोर्तुगिजांना दिली आणि वीस वर्षांत, 1554 ला, सिमाओं बोतेल्योनं वसुलाची पोथी बांधून टाकली. कुठल्या गावाचं किती येणं.

काका : त्याच्या आधी केशवाचार्यांनीही लिहिलंच होतं की. महिकावतीची बखर, 1448 सालचा भाग. मालाडच्या देसल्याला देवीचा दृष्टांत झाला म्हणून. इतिहासकार राजवाड्यांनी 1924 ला छापली, मी वाचलीय. त्यातही कुळं, वतनं, कोणाला कुठला गाव. यादीच.

बाई : मग मराठे आले. 1737 ला साष्टी, 1739 ला वसई. मग 1774 च्या शेवटी इंग्रज.

काका : आणि इंग्रजांनी गावंच्या गावं इनाम वाटली. 1830 ला बैरामजी जीजीभॉय यांना सात गावं. कुळं आमची, खोत ते. हे सगळं मिटवायला साष्टी इस्टेट्सचा कायदा यावा लागला, 1951 चा. मी नोकरीला लागलो तेव्हासुद्धा त्याची प्रकरणं चालू होती.

बाई : म्हणजे इथं जो आला त्यानं आधी यादी केली, आणि प्रत्येक यादी काहीतरी घेण्यासाठी. आयर्लंडमध्ये ग्रिफिथचं मूल्यांकन आहे, 1847 ते 1864 चं. कर बसवायला केलेलं. पण जनगणना जळाली म्हणून आज लोक त्याच वसुलीच्या यादीत आपलं घर शोधतात. तुमची वहीही त्याच जातीची आहे, काका. पाद्र्यानं कर घेतला नाही, नाव घेतलं.

काका : घेतलं नाही. दिलं.

बाई : जुनं घेतलं आणि नवं दिलं. बाप्तिस्मा घेणाऱ्याला धर्मपित्याचं आडनाव मिळालं. म्हणून गावठाणात आज घरोघर डिसोझा, परेरा, मिरांडा, फर्नांडिस. गावातली निम्मी माणसं एका आडनावाची, आणि ओळखायची कशी तर घराच्या टोपणनावानं, जे वहीत नाही. पहिल्या बाप्तिस्म्याच्या आधीचा आजोबा तर मुळातच नाही. मंडपेश्वरला जाऊन पाहा. शैव लेणं, सहाव्या शतकाच्या सुमाराचं. 1540 च्या दशकात फ्रान्सिस्कन फ्राय आंतोनियो द पोर्तूनं तिथं चर्च केलं. लेण्यातल्या एका शिल्पाच्या जागी भिंतीत मोठा क्रूस कोरलेला आजही दिसतो. मराठ्यांनंतर खाली पुन्हा शंकराची पूजा, आणि वर मठाच्या पडक्या भिंती. तुमची वही म्हणजे तो क्रूस. खालचं शिल्प कुठंय?

मी काकांकडे पाहिलं. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. आला नाही.

काका : हे तू मला शिकवू नकोस, बाय. आमच्याकडे लग्नाला अजून विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणतात. आगेऱ्याच्या सणाला नवं भात इगरेजीत, म्हणजे चर्चमध्ये, नेऊन ठेवतात. म्हाताऱ्या लुगडं नेसायच्या. शिल्प कुठंय विचारतेस? घरात आहे. पण तू ज्या यादीची गोष्ट केलीस त्यात आणि माझ्या वहीत एक फरक आहे. बोतेल्योच्या पोथीत माझ्या गावाचं नाव आहे, माणसाचं नाही. 1882 च्या ठाण्याच्या गॅझेटियरमध्ये आमच्यावर पानं आहेत: हे ख्रिस्ती कसे, काय खातात, काय नेसतात. माणूस एक नाही. खोताच्या दप्तरात जो सारा भरतो त्याचं नाव. म्हणजे बाप्या. बायको नाही, पोर नाही, ज्याच्याकडे जमीन नाही तो तर नाहीच. माझ्या वहीत आठ दिवसांच्या पोराचं नाव आहे. त्याच्या आईचं नाव आहे. आईचं! साष्टीत त्या काळात आईचं नाव आणखी कुठल्या कागदावर होतं, दाखव.

बाईंनी दाखवलं नाही. मीही मनात शोधलं, सापडलं नाही. साष्टीच्या दप्तराबद्दल मी ऐकलेलं हे सगळ्यात नेमकं वाक्य, आणि ते प्राध्यापकानं नव्हे तर रेकॉर्ड कीपरनं म्हटलं होतं.

काका : आणि समासात काय असतं ते तुला ठाऊक आहे. 1908 पासून रोमचा नियम: लग्न कुठंही होवो, त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत, मूळ नावाशेजारी. म्हणजे इथं जन्मलेली मुलगी कुर्ल्याला दिली, तर तिथला फादर इथं कळवतो आणि इथला फादर समासात लिहितो. एका ओळीत बाईचं अख्खं आयुष्य. ते तू जगाला उघडं करणार? कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या बापाच्या नावाची जागा कोरी ठेवली?

बाई : शंभर वर्षांपूर्वीचं उघडं करा. त्यातली माणसं गेलीत.

काका : नातवंडं आहेत. कोरी जागा नातवंडांना लागते.

बाई : त्याच नियमानं आयर्लंडमध्ये मिश्र लग्नांवरून केवढी भांडणं झाली! पण मग लोकांनी ते बोलायचंच नाही का? काका, तुम्ही वहीवर इतका जीव टाकता की वहीबाहेर माणूसच नाही असं वाटायला लागतं. आरेतल्या पाड्यांवरच्या वारल्यांची कुठली वही? गावातल्या हिंदू कोळ्यांची, आगऱ्यांची कुठली? त्यांचे आजोबा होते की नव्हते?

काका : होते. पण पुरावा काय?

बाई : बोलणं. आयर्लंडमध्ये म्हाताऱ्यांची पेन्शन 1 जानेवारी 1909 ला सुरू झाली, सत्तरी पार केलेल्यांना. आणि सगळ्यांच्या जन्माची सरकारी नोंद होऊ लागली 1864 ला. म्हणजे पेन्शन मागणाऱ्या एकाही म्हाताऱ्याकडे जन्माचा दाखला नाही. मग अधिकारी विचारायचे, मोठ्या वाऱ्याची रात्र आठवते का? 6 जानेवारी 1839 ची वादळाची रात्र. आठवत असेल तर सत्तरीचे आहात. ‘त्या रात्री मी हातात बटाटा धरून खाण्याएवढा होतो’ असं जो तो सांगायचा, अशी आख्यायिका आहे.

काका : (हसत) आणि पन्नाशीतल्यालाही आठवायची असेल ती रात्र.

बाई : नक्कीच. पण तुमच्याकडेही हेच नाही का? वय विचारलं की म्हातारे काय म्हणायचे?

काका : प्लेगात जन्मलो. तापाच्या साली दूध पीत होतो. माझा मोठा भाऊ 48 च्या तुफानातला, नोव्हेंबरातलं ते वादळ. पण बाय, त्यात गंमत आहे आणि घोळही आहे. एक म्हातारी सांगायची, गावातला क्रूस प्लेगात नवस म्हणून उभारला. मी मृत्यूची वही काढली. प्लेगाच्या वर्षांत पानंच्या पानं भरलेली. तोपर्यंत खरं. पण पलीकडच्या आळीतला दुसरा क्रूसही ती प्लेगाचाच म्हणायची, आणि त्याच्या दगडावर साल आहे प्लेगाच्या आधीचं. साथ आली तेव्हा लोक त्याच्यापाशी जपमाळ म्हणायला जमले असतील, म्हणून तोही प्लेगाचा झाला. आठवणीला साल कळत नाही.

बाई : पण लोक तिथं जमले, हे दगडाला कळत नाही. तुमच्या वहीलाही नाही. ते म्हातारीलाच ठाऊक.

इथं जरा शांतता झाली म्हणून मी एक्सरचे वीरगळ मध्ये आणले. बोरिवली पश्चिमेला एक्सर गावात शिलाहारकाळातले सहा दगड आहेत. काहींवर वल्हवणारी गलबतं, समुद्रातली लढाई, वर स्वर्गात नेल्या जाणाऱ्या माणसांच्या रांगा. शिलाहार सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्यातली, तेराव्या शतकातली लढाई ती, असं बरेच अभ्यासक मानतात. पण मेलेल्यांपैकी एकाचंही नाव आज वाचता येत नाही. गावानं त्यांना शेंदूर लावून देव करून टाकलं. म्हणजे कागद नाही, नाव नाही, तरी दगड टिकला, कारण कोणीतरी त्याच्यापुढे नारळ फोडत राहिलं. माझ्या या बोलण्यावर दोघांनीही एकदमच मान हलवली आणि मला बाजूला सारून पुढं सुरू केलं.

बाई : ऐका, 1937 ते 39 या काळात आयर्लंडच्या सरकारनं एक गोष्ट केली. प्राथमिक शाळेतल्या मोठ्या मुलांना सांगितलं, गावातल्या म्हाताऱ्यांकडे जा आणि लिहून आणा. विहिरीची गोष्ट, भुताची गोष्ट, दुष्काळात काय खाल्लं, जुन्या घराचं नाव काय. पाच हजारांच्या आसपास शाळा, पन्नास हजारांच्या घरात मुलं, साडेसात लाखांच्या जवळपास पानं. आता ती सगळी खुली आहेत. आपल्याकडे बोरिवली ते कुर्ला, मुलुंड ते वर्सोवा किती शाळा आहेत! गावठाणाच्या भिंतीला लागून आहेत. त्या मुलांना इतिहासात काय शिकवतात? मुंबई ही सात बेटं. त्यांची शाळा सात बेटांत नाहीच, साष्टीत आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

काका : हे मला मान्य.

बाई : काय?

काका : पोरांना पाठव. मी सांगीन. वहीत नाही ते सांगीन. कुठल्या विहिरीचं पाणी लग्नाला आणायचे, कुठल्या शेतावर कुठली इमारत उभी आहे. पोरांसमोर बोलायला मला भीती नाही. पोरं वकील घेऊन येत नाहीत.

बाई : आणि पोरांनी लिहिलेलं मी खुलं केलं तर?

काका : कर. बोलणं कोर्टात टिकत नाही.

बाई हसल्या. मलाही त्यातलं इंगित उशिरा कळलं. जे कोर्टात टिकतं ते काकांना लपवायचं होतं आणि जे टिकत नाही ते वाटून टाकायचं होतं. इतिहासाचे लोक बरोबर उलटं करतात: कागद छापतात आणि म्हातारीची गोष्ट तळटीपेत ढकलतात. काकांचा हिशोब शहाणा आहे की नुसताच सावध, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एक मात्र दिसतं. उपनगराचं दप्तर आधीच फाटून चार दिशांना गेलेलं आहे. पोर्तुगिजांचं पणजीत, जिथं अभिलेखागाराची सुरुवात दियोगो द कूतोनं 1595 मध्ये केली, आणि लिस्बनला. मराठ्यांचं पुण्यात पेशवे दप्तरात. इंग्रजी अमलातलं बरंचसं ठाण्यात, कारण उपनगर जिल्हा झाला तोच मुळी 1920 ला, आणि अंधेरी-मुलुंड-बोरिवली मुंबई महापालिकेत आल्या 1950 आणि 1957 च्या हद्दवाढींत. चर्चचाही कारभार एका जागी नव्हता. साष्टीतली बरीच पॅरिशं 1928 पर्यंत दमणच्या धर्मप्रांतात मोजली जात. गावातच राहिलेला असा कागद एकच, आणि तो काकांच्या कपाटात. ते त्याला धरून बसतात यात मला आडमुठेपणा दिसत नाही.

बाई : बरं, सगळं नको. फोटो आत्ता काढू, खुले नंतर करू. फोटो असलेली हार्ड डिस्क तुमच्याच कपाटात ठेवा. दुसरी प्रत धर्मप्रांताकडे. पाणी आलं, आग लागली, तरी एक उरेल.

काका : हं. पण सुरुवात कुठून? बाप्तिस्म्याच्या वहीला हात लावायचा नाही. मृत्यूची घे. त्यात प्लेग आहे, देवी आहेत, बाळंतपणात गेलेल्या बाया आहेत. ज्यांच्यामागे कोणी राहिलं नाही अशी माणसं आहेत. त्यांचं नाव कोणी वाचायला येणार नाही आणि दावा सांगायलाही नाही. ती वही उघडी केलीस तर कुणाचं काही जात नाही.

बाई : काका, तुम्ही रेकॉर्ड रूममध्ये होतात ना?

काका : होतो.

बाई : मग ‘ज्याच्यामागे कोणी नाही’ या एका ओळीवर किती दावे उभे राहतात? चार भावांतला एक बिनवारस मेला हे सिद्ध झालं, की तिघांचे हिस्से वाढले. उलट, तो बिनवारस नव्हता असं म्हणणारा पाचवा कुठूनतरी उगवला, की अख्खा व्यवहार अडला. तुमच्या तिन्ही वह्यांमध्ये कोर्टाला सगळ्यात आवडेल अशी वही हीच.

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मी पाहत आलोय तेव्हापासून त्यांना पहिल्यांदाच उत्तर सुचत नव्हतं. तेही त्यांच्याच धंद्यातल्या गोष्टीवर.

काका : मग लग्नाची.

बाई : का?

काका : लग्नाच्या वहीत सोयरीक असते. मरोळची मुलगी कुर्ल्याला, कुर्ल्याची वांद्र्याला, आंबोलीचा मुलगा गोराईहून बायको आणतो. रेल्वे नव्हती, रस्ते नव्हते, तरी कुठलं गाव कुठल्या गावाशी बांधलेलं होतं ते सगळं दिसतं. साक्षीदारांची नावं बघ, ती तर अजून मजेदार. कोण कुणाच्या लग्नाला इतक्या लांब चालत आला. आणि जमिनीचं त्यात फारसं काही नाही.

बाई : फारसं.

काका : फारसं नाही म्हटलं. अजिबात नाही म्हटलं नाही.

बाई : चालेल. 1900 च्या आधीची लग्नं. नकाशा करू, कुठल्या गावातून कुठे. माझे विद्यार्थी मुलुंडचे आहेत, घाटकोपरचे आहेत. त्यांना आपल्या इमारतीखाली गाव होतं हेच ठाऊक नसतं. त्यांना गावांच्या रेषा दाखवते, नावं नाही.

काका : पण लग्न म्हणजे दोन पॅरिशं. मुलीकडच्या फादरलाही विचारावं लागेल.

बाई : म्हणजे दोन सह्या.

काका : दोन नाहीत. जितकी गावं तितक्या. आणि वरून धर्मप्रांताची परवानगी.

बाई : काढू. अर्ज मी लिहिते, खाली सही तुम्ही करा. तुम्हाला सगळे ओळखतात.

काका : करीन. पण मराठीत लिही.

बाई : का, फादर इंग्रजीच वाचतात ना?

काका : वाचतात. म्हणून तर सांगतो. इंग्रजीत गेला की त्यांना वाटेल, वकिलाची नोटीस आली.